धुळीचा नकाशा

आमच्या स्टुडिओच्या खाली सुतारकामाचा कारखाना आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही विचाराल, एवढी धूळ आली कुठून? खाली दिवसभर करवत चालते आणि तो पिठासारखा भुसा जिन्यातून, फटींतून, दाराखालून वर येतो. दादाने दारांना रबरी पट्ट्या लावल्या, एका दाराच्या आत दुसरं दार केलं. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने फरशी पुसते. तरी यायचा तो येतोच. आमचं काम दागिन्यांच्या फोटोंचं. गिऱ्हाईक कॅटलॉग उघडतं, खड्याशेजारी काळा ठिपका बघतं आणि विचारतं, हा डाग खड्यातच आहे का हो? झालं, गेलं गिऱ्हाईक.

ते ठिपके काढायचं काम माझं. दादा फोटो काढतो, मी साफ करते. तीस वर्षं हेच चाललंय. फिल्म होती तेव्हा तीन केसांच्या ब्रशने करायचे, नंतर कॉम्प्युटरवर. माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती मला आवडायची, खोटं कशाला बोलू. वहिनी मला भिंगबाई म्हणायची. मी घरी गेले की आतून ओरडायची, "भिंगबाई आल्या, ताटल्या लपवा." कारण ताटलीच्या काठाला साबणाचा पांढरा राप दिसला तर मी बोलल्याशिवाय राहायची नाही, हे तिला पाठ होतं.

वहिनीचा चेहरा कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही, पण तिचे कान आणि तिची मान हजारो घरांत गेलीय. लग्न होऊन आली त्याच वर्षी एक मॉडेल ऐनवेळी आली नाही, म्हणून दादाने हिला स्टुलावर बसवलं. ती बसली ती सव्वीस वर्षं बसली. "तोंड दाखवण्यासारखं नाही म्हणून मानेवर भागवतात," असं स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची. मान मात्र खरंच सुंदर होती. लांब, सरळ, आणि पन्नाशीतही एक सुरकुती नाही.

तिचं स्टूल फरशीला स्क्रूने पक्कं केलेलं होतं. समोर हनुवटी टेकायला लोखंडी दांडीवर एक गादी. कॅमेऱ्याचा स्टँड जिथे उभा, तिथे पांढऱ्या रंगाच्या खुणा. हे सगळं का, तर एका पानावर तीस कर्णफुलं लावायची असली की तीसही फोटोंत तोच कान, त्याच जागी, त्याच कोनात यायला हवा. वहिनी केस वर बांधायची, मानेवर स्वतःच पावडरीचा फुगा फिरवायची, हनुवटी टेकायची आणि बसायची. इतर वेळी तिचे केस मानेवर असायचे, खाली सैल अंबाडा. तिच्या मानेमागची जागा उघडी पडायची ती फक्त त्या स्टुलावर. आणि तिथेही आम्ही सगळे तिच्याकडे बघायचोच नाही, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचो.

आता कॅमेऱ्याचं सांगते, थोडक्यात. आमचा मीडियम फॉरमॅटचा कॅमेरा म्हणजे एक ठोकळा. त्याच्या पाठीला पूर्वी फिल्मची डबी लागायची. फिल्म गेली, डबी गेली, आणि त्या जागी डिजिटल बॅक आली. चपटी, त्या डबीएवढीच, आत काचेमागे सेन्सर. बॉडी तीच राहते, लेन्स त्याच राहतात, फक्त ही पाठ बदलायची. स्वस्त वस्तू नाही ती. त्यामुळे माणूस एकदा घेतो आणि मग वर्षानुवर्षं ओढतो.

आमची बॅक पाचेक वर्षांपूर्वी बिघडली, म्हणजे बंद पडली नाही. तिच्या काचेच्या आत भुसा शिरला. वरून पुसून निघेना. दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि म्हणाला, काच उघडायला कंपनीत पाठवावी लागेल, दोन महिने लागतील. त्यापेक्षा नवी घ्या. नव्या बॅका आपली धूळ आपणच झटकतात, उरलीसुरली त्यांचं सॉफ्टवेअर ओळखून पुसतं. दादाचं मन झालं होतं. घेऊन टाकू म्हणाला.

मीच आडवी आले. म्हटलं, कशाला? रंग बदलेल, सोनं पितळेसारखं दिसेल, मग बसा रडत. मी करते की साफ. हे सगळं वरवरचं होतं. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटली. जी बॅक आपली धूळ आपण पुसते, तिच्या शेजारी मी खुर्ची घेऊन काय करणार? दादाने मला काढलं नसतं, पण मी तिथे नुसती बसून राहिले असते. ते मला नको होतं.

"ठीक आहे," दादा म्हणाला, "मग नीट नकाशा कर. पांढरी पाटी लावून कर."

धुळीचा नकाशा म्हणजे असं: कॅमेऱ्यासमोर कोरी पांढरी पाटी धरायची, फोटो काढायचा. पाटीवर काहीच नाही, तेव्हा फोटोत जो ठिपका दिसेल तो काचेवरचा. प्रत्येकावर गोल करायचा. तो नकाशा एकदा कॉम्प्युटरला दिला की त्यानंतर त्या बॅकच्या प्रत्येक फोटोत तेवढी जागा तो आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. फोटो पडद्यावर येतो तोच गाळून येतो.

पाटी कपाटामागे होती. ती काढायची, कॅमेरा स्टुलाकडून पाटीकडे वळवायचा, दिवे फिरवायचे, सगळं परत खुणांवर आणायचं, म्हणजे अर्धा तास. आणि त्या सकाळी दादाने एका कटकट्या गिऱ्हाइकाचा फोन माझ्या गळ्यात मारला होता, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं. समोर पडद्यावर त्याच दिवशीचा एक फोटो उघडा होता. दिवे तपासायला काढलेला, दागिना न घालता. मागे करडा पडदा आणि मधे वहिनीची रिकामी मान. ठिपके स्वच्छ दिसत होते. म्हटलं, हेच घेते, पाटी काय आणि मान काय. मी एकोणीस ठिपके मोजले, एकोणीस गोल केले, आणि दादाला सांगितलं, झाला नकाशा.

"पाटीवर केलास ना?"

"हो," म्हटलं मी.

चार वर्षं काम उत्तम चाललं. बोट ठेवायला जागा नाही असे फोटो जायचे. मधे दोनदा एका गोलाच्या कडेला काळसर रेघ डोकावली. एकोणिसावा गोल, केसांच्या रेषेजवळचा. हनुवटीची गादी नवी केली होती, त्यामुळे सगळं किंचित सरकलं असेल, असं मी स्वतःशीच ठरवलं आणि गोल थोडा मोठा केला. पुढच्या वर्षी परत मोठा केला. दोन मिनिटांचं काम होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

मग जुनी बॅक गरम व्हायला लागली. दहा फोटो काढले की केबलवरून तुटायची. आता नवी घेण्यावाचून गत्यंतर नाही हे मलाही कळत होतं, पण मी कुरकुरत होतेच. दादाने विक्रेत्याला बोलावलं. तो तीन पेट्या घेऊन आला, कडक इस्त्री, चकचकीत बूट. जिन्यातला भुसा बघून त्याचा चेहरा पडला.

"इथे काम करता तुम्ही?" तो म्हणाला.

"नाही, इथे आम्ही कुस्ती खेळतो," वहिनी म्हणाली. ती केस बांधत होती.

पहिली पेटी वापरलेल्या बॅकची. आमच्याच जातीची, पण एक पिढी पुढची. रंग तोच, सवय तीच. दुसरी नवी, पिक्सेल दुप्पट. तिसरी सगळ्यांत मोठी, सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, किंमत ऐकून दादाने कान खाजवला. मी पहिलीच्या बाजूची होते, हे सांगायला नको. विक्रेता म्हणाला, तिन्हींवर तोच फोटो काढू, शेजारी ठेवू, डोळ्यांनी बघू. हे मात्र मला पटलं. डोळ्यांनी बघण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते.

वहिनी बसली. दागिना नाही, नुसती मान, हातात रंगांची पट्टी. दादाने पहिली बॅक लावली, बटण दाबलं. मी फोटो दुप्पट मोठा करून डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरकत गेले, माझ्या नेहमीच्या क्रमाने. रंग चांगला होता. आणि केसांच्या रेषेजवळ एक काळा ठिपका होता, चांगला ठसठशीत.

"धूळ आहे तुमच्या बॅकवर," मी म्हटलं. मला बरं वाटलं होतं, मग ती माझ्या बाजूची बॅक का असेना.

विक्रेता ओशाळला. त्याने हवेचा रबरी फुगा मारला, काच पुसली. परत फोटो, परत ठिपका. "वापरलेली आहे, होतं असं," म्हणत त्याने दुसरी लावली, सील माझ्यासमोर तोडून. परत फोटो. ठिपका तिथेच.

"नव्या मालालाही धूळ?" मी म्हटलं. "आणि हीच ती, स्वतःची धूळ स्वतः झटकणारी?"

त्याचे कान लाल झाले. तिसरी लावली. ठिपका तिथेच, उलट आणखी स्पष्ट. त्याला कडा दिसत होत्या, वाकड्यातिकड्या, आणि एका बाजूला तांबूस छटा. मी खुर्चीत मागे टेकून, मोठ्या दिमाखात म्हटलं, "काय हो, तीनही पेट्यांत एकाच जागी कशी काय धूळ बसली?"

म्हटलं, आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं.

तेवढ्यात वहिनी कंटाळली. "मान मोडली माझी, तुमच्या धुळीच्या नादात," म्हणून तिने हनुवटी उचलली, थोडी वळली. दादाचं बोट बटणावर होतं, त्याने दाबलं. फोटो आला. ठिपका तिच्याबरोबर सरकला होता.

धूळ काचेवर असते. माणूस हलला तरी ती हलत नाही. हे मला तीस वर्षं माहीत आहे, हे नवशिक्यालाही माहीत असतं. मी उठले, स्टुलापाशी गेले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वहिनीची मान पडद्यावर न बघता समोर बघितली. कंगव्याने बारीक केस वर केले. वाटाण्याच्या निम्म्याएवढा काळा उंचवटा होता, पावडरीखाली.

"काय गं, ऊ सापडली का?" वहिनी म्हणाली.

मी दादाला हाक मारली. दादा आला, त्याने बघितलं. "तीळ असेल," म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. विक्रेता पेट्या भरायच्या सोडून उभाच राहिला.

चौथ्या दिवशी तपासणीचा तुकडा घेतला, पुढच्या आठवड्यात निकाल आला. कातडीचा कॅन्सर, खोल गेलेला. डॉक्टर बाई शांत होत्या, वयाने आमच्यापेक्षा लहान. त्यांनी विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"नवीनच आहे, डॉक्टर," दादा म्हणाला. त्याने पिशवीतून कॅटलॉग काढले. मुद्दाम आणले होते, तारखेनुसार लावून. "आमच्याकडे दर महिन्याचे फोटो आहेत. हे बघा, मागच्या महिन्यापर्यंत मान स्वच्छ. माझ्या या बहिणीच्या नजरेतून काही सुटत नाही. हिनेच पकडलं."

डॉक्टरांनी कॅटलॉग उलटले. कपाळाला आठी पडली. "मग फारच झपाट्याने वाढलंय. तसं असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या. "छापलेल्यावर मी भरवसा ठेवत नाही. मूळ फोटो आहेत?"

"आहेत ना. सगळे," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. "उद्या देईल ही."

मी मान हलवली.

मूळ फाइलला नकाशा लागत नाही, त्या तीन बॅकांनाही लागला नव्हता. सेन्सरने जे बघितलं तेच रॉ फाइलमध्ये तसंच पडून असतं, न गाळलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या हार्डडिस्क काढल्या आणि दार लावून बसले. खाली करवत चालू होती. चार वर्षांपूर्वीचा तो दिवे तपासायचा फोटो उघडला. केसांच्या रेषेजवळ टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. धुळीपेक्षा किंचित तपकिरी. आता बघितल्यावर कळत होतं, तेव्हाही कळलं असतं, मी पाटी लावली असती तर. नाही, पाटीसुद्धा सोडा, एकदा पाठीमागे वळून स्टुलाकडे बघितलं असतं तरी.

मग पुढचा महिना, मग त्याच्या पुढचा. मी चव्वेचाळीस फोटो काढून ठेवले. ते एकापाठोपाठ एक दाबत गेलं की तो वाढताना दिसायचा. ज्या दोन तारखांना मी गोल मोठा केला होता त्या मला शोधाव्या लागल्या नाहीत, फोटोंवरूनच कळत होत्या. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. रडून झाल्यावर एक विचार आला, तोही सांगते. फाइली खराब झाल्या म्हणून सांगावं. डिस्क जुनी आहे, कोण विचारणार? डॉक्टर चुकीच्या वाटेने गेल्या असत्या, पण माझं नाव राहिलं असतं. हा विचार मी पुरता पाच मिनिटं केला. मग फोटो पेनड्राइव्हवर घेतले.

त्या दिवशी दादाला काम होतं, म्हणून वहिनीबरोबर मी गेले. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती, मी पर्स घट्ट धरून होते. डॉक्टरांच्या खोलीत मी सगळं सांगितलं. पाटी, मान, एकोणीस गोल, दोनदा मोठा केलेला. वहिनी शेजारच्या खुर्चीत होती. मी तिच्याकडे न बघता सांगितलं, डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनकडे बघत.

डॉक्टरांनी चव्वेचाळीस फोटो बघितले. काही लिहून घेतलं. "याचा मला फार उपयोग होईल," म्हणाल्या.

वहिनीने विचारलं, "आणि हा पहिला, तेव्हा आले असते तर?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तेव्हा वीस मिनिटांचं काम होतं. दोन टाके घालून घरी पाठवलं असतं."

बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर आम्ही बसलो. समोर एक बाई जमीन पुसत होती, बादली पायाने ढकलत. मी म्हटलं, "वहिनी, माझ्या थोबाडीत मार."

"हात वर जात नाही माझा," ती म्हणाली. "तुकडा काढलाय ना, ताणतं."

मग म्हणाली, "चार वर्षं मी रोज स्वतःला म्हणत होते, पन्नाशी झाली तरी मान बघ कशी आहे. छापून यायचं, आणि मी बघायचे. मला वाटायचं, मी आहेच तशी." ती माझ्याकडे वळली. "तू मला साफ करत होतीस, वन्सं. मी म्हणजे काय भुसा होते का गं?"

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने पाय मागे घेतले.

"ते नको. मला आत्ता तुझी माफीबिफी ऐकायची नाही. मला राग आलाय आणि तो जाईल असं वाटत नाही. पण ऐक. त्याला सांगायचं नाही, मी आहे तोवर. त्याला कळलं तर तो तुझं तोंड बघणार नाही, आणि मग माझं करणार कोण? तो? त्याला साधी चहाची गाळणी सापडत नाही." तिने पदर सारखा केला. "मी गेल्यावर सांग. पण सांग. आणि तूच सांग, डॉक्टरच्या तोंडून कळू देऊ नकोस. तो तुझ्या नजरेचे गोडवे गात फिरतोय. मला ते ऐकवत नाही."

मी हो म्हटलं.

दादाने तिसरी बॅक घेतली. सगळ्यांत महागडी. मी एका शब्दाने अडवलं नाही. "जिने पकडलं ती घरात राहील," तो म्हणाला. मी म्हटलं, तिन्हींनी पकडलं होतं. त्याने ऐकलं नाही. विक्रेत्याने ही गोष्ट गावभर केली. प्रत्येक डेमोला सांगायचा, आमच्या बॅकने एका बाईचा जीव वाचवला. ओळखीचे फोटोग्राफर मला फोन करायचे. "काय नजर आहे तुमची, ताई." मी म्हणायचे, आभारी आहे. दुसरं काय म्हणणार?

मोठं ऑपरेशन झालं. मानेच्या गाठी काढल्या. मानेवर कानापासून खांद्यापर्यंत शिवण आली. मी रोज सकाळी तिची पट्टी बदलायचे, केस विंचरायचे, होते तोवर. ती माझ्याशी बोलायची, हसायचीसुद्धा, पण भिंगबाई म्हणून परत कधी हाक मारली नाही. कानाचे फोटो आता दुसरी एक मुलगी देते. एकदा वहिनी स्टुडिओत आली होती, ती मुलगी चहाला गेली तेव्हा सवयीने स्टुलावर जाऊन बसली, हनुवटी टेकवली. दादा कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याने बटण दाबलं नाही. "खुणा हलल्यात तुमच्या," ती म्हणाली आणि उतरली.

चौदा महिने गेले. शेवटी यकृतात गेलं. ती एका दुपारी गेली, दादा औषध आणायला खाली उतरला होता तेव्हा. मी होते. तिने काही सांगितलं नाही, सांगण्याच्या अवस्थेत नव्हती. तिला जे सांगायचं होतं ते तिने बाकड्यावर सांगितलं होतं.

महिनाभर मी दादाला सांगायला गेले आणि परत आले. तो जेवत असायचा, किंवा नुसता बसलेला असायचा, आणि मला वाटायचं, आज नको. मग तो स्वतःच माझ्या टेबलापाशी आला.

"तिचा एक मोठा फोटो कर," म्हणाला. "सगळे म्हणतात चेहऱ्याचा लावा. मला नको. मला तिथे बसलेली हवी. मान अशी, केस वर. पाच वर्षांमागचा काढ, धडधाकट होती तेव्हाचा. दागिना नको." आणि जाताना मागे वळून म्हणाला, "नीट साफ कर. तू करतेस तसा."

मी तो दिवे तपासायचा फोटो उघडला. दुसरा कुठला उघडणार? नकाशा बंद केला. एकेक कण हाताने काढला, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. अठरा काढले. त्याला दोन तास लागले. मग हात मांडीवर ठेवून बसले. एका टिचकीचं काम होतं, आणि दादाने स्वतः सांगितलं होतं साफ कर म्हणून. तो फोटो भिंतीवर गेला असता, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं.

मी छापला तो तसाच. खालच्या पांढऱ्या पट्टीत तारीख घातली, आमच्या सगळ्या प्रिंटवर असते तशी.

दादाने तो टेबलावर पसरला. कानाच्या पाळीवरून बोट फिरवलं, कागदाला न लावता. मग सवयीने खिशातून भिंग काढलं, फिल्मच्या काळातलं, आणि प्रिंटवर ठेवून डोळा लावला. कडेकडेने सरकत मधे आला. केसांच्या रेषेजवळ थांबला.

"एक राहिलाय गं," तो म्हणाला.

"राहिला नाही. मी ठेवलाय."

त्याने भिंगावरून डोळा काढला नाही. खाली करवत चालू होती, ती थांबली, परत सुरू झाली. मग त्याने भिंग खाली तारखेवर आणलं. ती वाचायला त्याला भिंगाची गरज नव्हती.

"ही तारीख बरोबर आहे?"

"हो."

तो सरळ झाला. माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की तो मनातल्या मनात मागे मागे चाललाय, एकेक महिना, एकेक कॅटलॉग. मी मधे पडले नाही. त्याला पोचायचं होतं तिथे तो पोचला.

"नकाशा," तो म्हणाला. "पाटीवर केला होतास ना तू?"

"नाही, दादा," मी म्हटलं. "वहिनीवर केला."